साक्षीला न दिसलेला हात

शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संगणकात शिरून कुणीतरी क्लोरीन वाढवलं आणि दोन शाळांतली मुलं इस्पितळात पोचली. तपास मृण्मयीकडे आला. कळफलकावर पडणाऱ्या बोटांच्या लयीवरून माणूस ओळखणारं ‘साक्षी’ हे साधन तिनं आणि तिचा सहकारी यशोधन यांनी मिळून घडवलं होतं. न्यायालयं आता त्याच्या शब्दावर शिक्षा सुनावत. या वेळी मात्र साक्षीनं सांगितलं, ‘हात ओळखता आला नाही.’

मृण्मयीला ते पटेना. तिनं प्रतिस्पर्धी कंपनीचं साधन मागवलं.

“त्या भंगारावर कशाला वेळ घालवतेस?” यशोधन पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

त्या भंगारानं चहा निवायच्या आत नाव दिलं. यशोधन.

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “तू साक्षीला आंधळं केलंस?”

“पालिका माझं ऐकत नव्हती. त्या संगणकात कुणीही शिरू शकतं, हा धोका दाखवायचा होता फक्त. मात्रा एवढी वाढेल असं वाटलं नव्हतं गं.”

“आणि साक्षी?”

“आपल्या दोघांपुरतीच आंधळी आहे. तुझाही हात तिला दिसत नाही. आता सांग, माझं नाव दिलंस तर तुला कोण सोडेल?”

इतकी वर्षं ज्याच्या डब्यातलं हक्कानं खाल्लं, त्यानं तिला न विचारता आपल्या गुन्ह्यात भागीदार करून ठेवलं होतं.

ती जागेवर येऊन अहवाल लिहू लागली. साक्षीच्या शब्दावर झालेली प्रत्येक शिक्षा पुन्हा तपासावी, असं तिनं लिहिलं. संशयितांत यशोधनचं नाव घातलं, आणि त्याखाली स्वतःचं.

“वेड लागलंय का तुला?” यशोधन ओरडला.

तिनं अहवाल पाठवून दिला.