कुंतीची फळं

"मावशी, आमच्या कुंतीची फुलं तुम्हीच नेता ना?"

माधवीनं फाटकातच विचारलं आणि ओट्यावर वाती वळत बसलेल्या तिच्या सासूचा, प्रयागबाईंचा, हात थांबला. शेजारच्या कुशाबाई मारुतीला निघाल्या होत्या. हातात परडी, परडीत तगर आणि कण्हेर. त्यांनी माधवीकडं पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून प्रयागबाईंकडं. प्रयागबाईंनी नजर कापसात घातली. कुशाबाईंनी परडीवर पदर ओढला आणि त्या चालू लागल्या.

फुलं प्रयागबाई नेत होत्या.

नरसिंहपूरच्या मळ्यात, विहिरीच्या कडेला, त्यांची एक जुनी कुंती होती, घमघमणाऱ्या फुलांचं झाड. तिची पांढरी फुलं देवाला वाहता वाहता त्यांचा संसार झाला. नवरा, गेणबा, वारले, मुलगा त्यांना इंदापूरला घेऊन आला, आणि इथं सुनेच्या बागेत पुन्हा कुंती दिसली. पण माधवीला फुलांचं तेवढं नव्हतं. तिला फळं हवी होती. करवंदाएवढी, लालबुंद, झुपक्यांनी लगडलेली. रोपवाटिकेतून आणलेलं रोप तिनं उन्हाळ्यात ओलं गोणपाट बांधून जगवलं होतं. शाळेत शिकवून घरी आली की चहाच्या आधी त्याला पाणी घालायची.

"आई, बाकी काय हवं ते तोडा," तिनं हसून सांगितलं होतं. "जास्वंद तोडा, मोगरा तोडा. फक्त कुंतीला हात लावू नका. फूल तोडलं तर फळ कुठून यायचं?"

प्रयागबाईंनी मान डोलवली होती. मग एका पहाटे कुंतीच्या वासानंच त्यांना जाग आली. एकच ओंजळ घेतली. देवासाठी घ्यायचं त्याला चोरी कोण म्हणतं, अशी मनाची समजूत घातली. पुढं पुढं समजूतही घालावी लागेना. बहर आला की फुलं निघायची आणि त्यांच्या खोलीत, ट्रंकेवरल्या नरसिंहाच्या तसबिरीमागं जायची. झाडाला फळ म्हणून धरेना. माधवीनं खत बदललं, माती बदलली. शेवटी तिला कुशाबाईंची परडी दिसली.

सून वाईट असती तर प्रयागबाईंना एवढं जड गेलं नसतं. माधवी त्यांच्या गोळ्या आठवणीनं आणायची, गरम भाकरी आधी त्यांच्या ताटात वाढायची. पण घर सुनेचं होतं. दिलेला शब्द मोडला हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि कुशाबाई यायच्या बंद झाल्या.

इंदापूरला आल्यावर प्रयागबाई कितीतरी दिवस कुणाशी बोलत नव्हत्या. त्यांना बोलतं केलं ते कुशाबाईंनी. दुपारी त्या भाजी निवडायला घेऊन यायच्या, ट्रंकेला टेकून बसायच्या आणि गेणबांविषयी विचारायच्या. आता दुपार झाली की प्रयागबाई फाटकाकडं बघत बसत. कुशाबाई समोरून गेल्या तरी मान वर करत नसत. चिडली असंल, प्रयागबाईंना वाटायचं. का न्हाय चिडायची?

त्यांनी कुंतीला हात लावणं सोडलं. तेवढंच प्रायश्चित्त त्यांना जमलं.

त्याचंच भलतं झालं. झाडाला हिरवे मणी धरले. मण्यांचा रंग पालटला. दिवाळीच्या तोंडावर कुंती लालबुंद झाली आणि बुलबुलांची जोडी फांदीवर येऊन बसली. माधवी लहान पोरीसारखी धावत आत आली.

"बघा आई! मावशी यायच्या बंद झाल्या आणि लगेच फळं धरली. मी म्हणत नव्हते?"

प्रयागबाई बाहेर आल्या. झाड खरोखरच देखणं दिसत होतं. त्यांच्याच्यानं ते बघवेना.

"माधवी, फुलं मी नेत हुते," त्या म्हणाल्या. "कुशानं एक पाकळीबी नेली न्हाय. तू इचारलंस तवा मी हितंच बसले हुते, आन गप ऱ्हायले."

माधवीच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. राग येईल म्हणून प्रयागबाई वाट बघत राहिल्या. राग आला नाही.

"असं कसं होईल, आई?" ती हळूच म्हणाली. "मावशी त्याच संध्याकाळी मला कोपऱ्यावर भेटल्या होत्या. 'चुकलं, मीच नेत हुते' म्हणाल्या. मी त्यांना आणखी चार शब्द सुनावले. भर रस्त्यात."

प्रयागबाईंनी पायात चपला सरकवल्या. माधवीही निघाली, तेव्हा तिला त्यांनी हातानं थांबवलं. "आधी मला जाऊ दे."

कुशाबाई उंबऱ्यात मेथी निवडत होत्या. प्रयागबाईंना बघून त्यांनी सरकून जागा केली. प्रयागबाई बसल्या नाहीत.

"खोटं कशापायी बोललीस, कुशा?"

"तुमच्या ट्रंकेला टेकून बसायची न्हवं मी? तसबिरीमागनं वास यायचा." कुशाबाईंनी एक काडी खुडली. "तुमाला त्या घरात ऱ्हायचंय, अक्का. मला काय, माझं घर येगळं."

"मग यायचं का सोडलंस? मला वाटलं, माझा राग धरलास."

कुशाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"राग कसला, अक्का? मी रोज समोर येऊन बसली असती, तर तुमच्याच्यानं गप ऱ्हावलं असतं व्हय?"