कोकराची आई

"बूट काढ पैले, मग मेंढरावर बोल," म्हणत केरबानं तंबाखूची अशी पिंक मारली, की ती रामप्रसादच्या कंपनीच्या बुटांपासून चार बोटांवर पडली.

रामप्रसाद नुसता हसला. लहानपणी दोघांनी एकाच घोंगडीखाली पावसाळे काढले होते. आता रामप्रसाद वाळूजला एका कंपनीच्या गेटावर वॉचमन होता. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढायचा आणि देवगाव रंगारीच्या शिवारात केरबाची मेंढरं ज्या रानात बसली असतील तिथं यायचा. यायचा म्हणजे बोलणी खायलाच.

"आठ घंटे खुर्चीत बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायचा, आन् म्हणं नोकरी!" केरबा पुंडलिकला सांगत होता. रान पुंडलिकचं होतं, खतासाठी मेंढरं त्यानंच बसवून घेतली होती. "ऊन लागत नाय, वारा लागत नाय. माणूस हाय का बरणीतलं लोणचं?"

"रातपाळी करून बघ एकदा."

"लांडगा येतो का रं तुझ्या रातपाळीला?"

पुंडलिक खिदळला. रामप्रसादला मात्र ते लागलं. "मेंढरातलं मला पण कळतं. इसरलो नाय मी."

"उंटावरचा शहाणा! मग लाव पैज." दिवस कलला होता. मेंढरं नुकतीच चरून आली होती आणि दिवसभर जाळीच्या कुंपणात कोंडलेली कोकरं आयांच्या नावानं गलका करत होती. "एक कोकरू उचलायचं, आन् सोडायच्या आधी त्याची आई दाखवायची. मी हरलो तर सारी मेंढरं इकतो आन् तुझ्या गेटावर शिट्टी घेऊन बसतो. जा!"

"दिवे लागायच्या टायमाला असं अभद्र बोलू नका वो," चुलीपाशी भाकरी थापणारी त्याची बायको सुगंधाबाई म्हणाली. केरबानं हात उडवला. हरतंय कोण?

खरं तर दिवाळीपासून त्याच्या डोळ्यांवर साय धरली होती. मेंढरं म्हणजे समोर एक काळा-पांढरा ढीग, बस्स. पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं, सुगंधाबाईला तर नाहीच नाही. तिला कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी जावयाला बोलावून तिनं सगळ्या कळपाला बाजार दाखवला असता. आणि कळप गेल्यावर केरबाला विचारतो कोण? म्हणून त्याचं सगळं कानांवर चाललं होतं. कोकरू ओरडलं की त्याची आई उत्तर देते, आणि एकूणएक मेंढीचा आवाज त्याला पाठ होता.

"आण कोणतं पण," तो ऐटीत म्हणाला.

रामप्रसादनं जाळीतून एक पांढऱ्या कपाळाचं कोकरू उचललं आणि त्याचं तोंड मुठीत गच्च धरलं.

"तोंड कशाला धरतो?"

"हे वरडलं की आई वरडती. मग पुंडलिक पण सांगल. त्यात कसली पैज?"

"बराबर हाय," पुंडलिक म्हणाला.

 केरबानं नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागणार. त्यानं कोकराचे कान चाचपले, पाठीवरून हात फिरवला. काही कळेना. "हात्तिच्या! लांबकानीचं हाय हे," त्यानं ठोकून दिलं. लांबकानीच्या गळ्यात घंटी होती. तिच्या आवाजावर तो तरातरा चालत गेला आणि कोकरू तिच्यापुढं ठेवलं.

लांबकानीनं कोकराची शेपटी हुंगली, पाय आपटला आणि अशी ढुशी दिली, की कोकरू कोलमडत पुंडलिकच्या पायांत आलं.

"मेंढी येडी झाली ही!" केरबा ओरडला.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" पुंडलिक पोट धरून हसला.

रामप्रसाद हसला नाही. त्यानं कोकरू पुन्हा उचललं, तोंड धरलं, क्षणभर कळपावर नजर फिरवली आणि कडेच्या एका मेंढीपुढं नेऊन सोडलं. मेंढीनं हुंगलं, ती तशीच उभी राहिली. कोकरू गुडघे टेकून लुचायला लागलं.

"बारा वर्सं झाली मेंढरं सोडून. कसं काय वळखलं रे?" पुंडलिकनं विचारलं.

"वळखलं कुठं? केरबानंच शिकवलं व्हतं. कोकराकडं बघायचंच नाय. कोणती आई मान लांब करून आपल्याकडं बघती, तेवढं बघायचं."

केरबानं बघितलं. समोर तोच ढीग होता.

रामप्रसाद त्याच्या अगदी जवळ आला. "केरबा," तो हळूच म्हणाला, "आमच्या गेटावर घेताना पैले डोळे तपासतात रं. चल उद्या, डागदरला दाखवू."

केरबाची कानशिलं तापली.  या बुटवाल्यानं, या खुर्चीवर बसणाऱ्यानं आपल्याला पकडावं!

चुलीकडचा भाकरीचा आवाज थांबला होता. "कोण हरलं वो?" सुगंधाबाईनं विचारलं.



"सुगंधे, उद्याच्याला मेंढरं तू बघ," केरबा म्हणाला. "मला शहरात जायचंय, ह्येच्यासंगं."

"आन् ते कशाला?"

केरबानं रामप्रसादचा खांदा चाचपला आणि घट्ट धरला.

"ह्येला एकट्याला रस्ता दिसत नाय," तो म्हणाला आणि त्यानं पिंक मारली. ती थेट बुटावर पडली.

"व्हय वहिनी," रामप्रसाद म्हणाला. "नाय दिसत मला."