रोज मगभर पाणी

फाटकाची कडी हलकेच वाजली आणि माईला न बघताच कळलं, शेजारची नर्स आली. पोस्टमन कडी आपटतो, दूधवाला वाजवतच नाही. या दोघांशिवाय त्या फाटकाला हात लावणारं आता एकच माणूस उरलं होतं.

नर्सच्या हातात कुंडी होती. कुंडीत पिवळ्या काठाच्या घायपातीचं पिल्लू मान टाकून पडलं होतं. पानं उकडल्यासारखी मऊ, बुडाशी काळपट पाणी सुटलेलं. माईनं नुसतं दोन बोटांनी धरलं तर अख्खं हातात आलं.

"हे तिसरं," नर्स पायरीवर टेकत म्हणाली.

"रोज पाणी घालतेस ना? मगभर?"

"रोज. तुम्ही सांगितलंत तसं."

"हवा दमट आहे. होतं असं कधीकधी," असं म्हणून माई चहा टाकायला आत पळाली.

आता खरं सांगायचं तर घायपातीला पाणी लागतच नाही. आणि असल्या दमट, पावसाळी हवेत तर मुळाशी जितकं कमी जाईल तितकं बरं. लावा आणि खुशाल विसरून जा, तिचं काही अडत नाही. नेमकं हेच माईच्या मुळावर आलं होतं. माईच्या अंगणातल्या एका झाडानं मुळाशी फुटलेली पिल्लं गल्लीभर पुरवली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं नेलं, कंपाउंडरनं नेलं, त्याच्या मेव्हणीनंही नेलं. सगळ्यांकडे ती ऐसपैस वाढली आणि परत विचारायला कोणी म्हणून कोणी आलं नाही. रस्त्यातूनच हात हलवून 'छान चाललंय हो तुमचं झाड' म्हणतात नि पुढे जातात. छान चाललंय म्हटल्यावर थांबायचं कशाला?

म्हणून नर्स पहिलं पिल्लू न्यायला आली तेव्हा माई बोलून गेली, रोज मगभर पाणी घाल. ते कुजलं, नर्स विचारायला आली आणि चांगली तासभर बसली. पुढच्या वेळी माईनं तेच सांगितलं, अगदी जाणूनबुजून. हातानं वाढवलेलं पिल्लू मरायला द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण पायरीवर कोणीतरी बोलत बसलंय, याचा मोह त्याहून मोठा होता. आताही दोन कप बाहेर आणताना तिला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती.

"माई, माझी बदली झाली," नर्स म्हणाली. "परवा निघते."

माईनं कप खाली ठेवला. "लांब?"

"लांबच. ओळखीचं कोणी नाही तिकडे." ती कपात बघत राहिली. "जाताना एक पिल्लू द्याल? माझ्या हाताला यश नाही म्हणा. पण द्या."

झाडाखाली आता एकच उरलं होतं. माई खुरपं घेऊन गुडघ्यांवर बसली. पानांच्या काट्यांनी मनगट ओरबाडलं, तरी तिनं घाई केली नाही. मूळ न तोडता पिल्लू सोडवलं, माती झटकली. प्रवासात कोणाला टोचायला नको म्हणून लहान मुलाची नखं कापावीत तशी पानांची टोकं कात्रीनं कापली आणि सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं. पुडकं मात्र तिच्या हातून सुटेना.

"पाणी घालू नकोस," ती मातीकडे बघत म्हणाली. "कुंडी पार कोरडी होईस्तोवर थेंबसुद्धा नाही. आणि तुझ्या हाताला काही झालेलं नाही. ती तिन्ही मी मारली."

नर्सनं पुडकं माईच्या हातातून हळूच सोडवून घेतलं.

"मला माहीत आहे. पहिलं कुजलं तेव्हाच नर्सरीवाल्याला दाखवलं होतं. हसला मला."

"मग घालत कशाला होतीस?"

नर्सनं गार झालेला चहा एका घोटात संपवला. "ड्यूटीवरून आलं की घरात बोलायला कोण आहे, माई?"

माईला हसू आलं. दोघींनी मिळून तीन पिल्लांचा बळी घेतला होता, आणि मधे एक कमरेएवढी भिंत. नुसतं 'ये गं' म्हणायला काय जात होतं? पण ते काही तिला तेव्हाही म्हणता आलं नाही. "पत्र टाक," एवढंच म्हणाली. नर्स गेली, कडी वाजली.

पुढे बरेच दिवस शेजारच्या खिडक्या बंद होत्या. तिकडच्या फाटकावर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली. एका संध्याकाळी माई घायपातीपाशी गेली, मोठी पानं एका हातानं बाजूला धरून दुसऱ्या हातानं मुळाशी चाचपडू लागली. इकडे काही नव्हतं, तिकडेही नव्हतं. मग मातीतून कसलंसं टोक बोटाला टोचलं. तिनं वाकून पाहिलं. कोवळं, नखाएवढं, आणि काठाला पिवळी रेघ.

"दमानं ये," माई त्याला म्हणाली. "घर अजून रिकामंच आहे."