आईची खोली

"आणि ही आईची खोली," असे म्हणून मालकाने दार उघडले आणि पाहुण्यांना आधी आत जाऊ दिले.

शेतावरल्या या घराचे अतिथिगृह झाल्यापासून घराचा इतिहास तो रोज सायंकाळी नव्या पाहुण्यांना सांगत असे, आणि श्रद्धेने सांगत असे. पणजोबांनी शेतातलेच दगड वेचून रचलेल्या भिंती. जिथे मळणी होत असे, तिथे आता भोजनाची मेजे. जिथे गुरे बांधली जात, तिथे आता निजायच्या खोल्या. गोठ्याचे ऐकून आज आलेल्या पाहुण्या शिक्षिकेचे पती म्हणाले होते, "तरीच! दुपारी जेवल्यापासून मी नुसता रवंथ करतोय." सगळे हसले होते. पण या खोलीच्या उंबरठ्यावर हसणे आपोआप थांबे. जुना लाकडी पलंग, पूर्वेची रुंद खिडकी, खिडकीत झिजून गुळगुळीत झालेली बैठक. या खोलीला मागणी सर्वांत अधिक होती.

"या खिडकीत बसून आई सगळ्या शेतावर नजर ठेवायची," मालक म्हणाला. "गडी म्हणायचे, बांधावरची पाखरंसुद्धा तिला विचारून उडतात."

"किती छान!" शिक्षिकेने बैठकीवरून हात फिरवला. "आता कुठं असतात त्या?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधेच होते. स्वयंपाकघरामागे, पूर्वी गुरांची पेंड ठेवत त्या खोलीत. पण ते उच्चारायचे, तर या पलंगावर आज आईऐवजी हे दोघे का निजणार, तेही सांगणे आले. मालकाने मान खाली घातली.

"अरेरे," शिक्षिका हळू आवाजात म्हणाली. "क्षमा करा हं. मला कल्पना नव्हती."

ती काय समजली, हे त्याला तत्क्षणी उमगले. 'नाही' एवढा एकच शब्द पुरेसा होता. तो जिभेवर येईपर्यंत दारात पाऊल वाजले.

हातावर धुतलेल्या चादरी घेऊन आई उभी होती. हे काम तिला कुणी सांगितले नव्हते. या पलंगावरची चादर परक्या हाताने घातलेली तिला रुचत नसे, इतकेच.

"मालक, घालू ना चादर?" तिने विचारले. "का तुमचं बोलणं व्हायचंय अजून?"

जन्मापासून त्याला 'अरे' म्हणणारी आई! म्हणजे तिने सारे ऐकले होते. तो बाजूला सरला.

"मावशी, बरीच वर्षं आहात वाटतं इथं?" शिक्षिकेने विचारले.

"आले तेव्हा तोंडात सगळे दात होते, बाई."

"मग यांच्या आईला तुम्ही पाहिलं असेल. कशा होत्या हो?"

आईने चादरीचे टोक गादीखाली सारले आणि तळहाताने एक सुरकुती मोडली.

"तोंडाळ होती," ती म्हणाली. "गडीमाणसं चळाचळा कापायची. पण मुलावर जीव फार. त्याला नुसती शिंक आली, तरी हिची रात्र बसून जायची."

मालकाच्या ओठांवर हाक आली आणि तिथेच थिजली. आता ती मारायची, तरी कोणत्या तोंडाने?

"फार दिवस अंथरुणाला खिळल्या होत्या का? शेवटी त्रास झाला?"

"छे! त्रास कुणालाच झाला नाही," उशीला अभ्रा चढवीत आई म्हणाली. "चांगली चालतीबोलती होती. कधी गेली, ते घरात कुणाला कळलंसुद्धा नाही."

शिक्षिकेने डोळे टिपले. दिव्याचे बटण शोधण्याच्या मिषाने मालकाने भिंतीकडे तोंड फिरवले. दिवा केव्हाचाच लागलेला होता.