खताची बादली

सेफ्टी डोअर. इन्व्हर्टर. माळ्यावरचं पिंप. खताची बादली.

पेशीच्या चार भागांना घरातल्या वस्तूंची हीच चार उदाहरणं नववीच्या दोन वह्यांत होती. एक वही उर्वीची. दुसरी दीक्षाची, तिची आई उर्वीकडे धुणीभांडी करते, हे विज्ञानाच्या बाईंना ठाऊक होतं.

"तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे का गं?" बाईंनी दीक्षाला उभं केलं.

"नाही, बाई."

"आमच्याकडे आहे, बाई," उर्वी मध्येच म्हणाली.

"मग दीक्षा, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकेसाठी तुला इन्व्हर्टर कसा सुचला?" दीक्षानं उर्वीची वही उतरवली, हा बाईंचा संशय आणखी पक्का झाला. तरी त्यांनी दोघींना एकच प्रश्न विचारला. "लयकारिका म्हणजे खताची बादली. का?"

"कचरा असतो ना त्यात," उर्वी म्हणाली.

दीक्षा हळूच बोलायला लागली. "बाई, खरकटं आत मुरतं, त्याचं खत कुंड्यांना जातं. लयकारिकाही टाकाऊ पचवते आणि कामाचं तेवढं पेशीला परत देते. रविवारी आईबरोबर जाते, तेव्हा ती बादली मीच ढवळते."

उर्वी बाकावरची रेघ नखानं कोरत राहिली.

दीक्षाच्या वहीत बाईंनी लाल पेनानं शून्य सकाळीच दिलं होतं.