धुराची वाट

बाळंत होऊन सहा दिवस झाले नव्हते, आणि मालन खिडकी उघडून बसायची. सासूनं लावली की ही उघडायची. वर तोंड करून सांगायची, "नर्सबाईंनी सांगितलंय."

"स्वराज्य आलं म्हणून बाळंतिणीनं वाऱ्यात बसायचं का गो?" हौसाबाई कडाडली. "ह्याच खोलीत माझी दोन पोरं गेली. वारा लागला त्यांना. खाडीचा वारा ह्या कोपर गावात कुणाला सोडत नाही."

तिनं खिडकी लावली, फटींत चिंध्या कोंबल्या. दार ओढून उंबऱ्याशी गोधडी दाबली. बाजेखाली शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर ओवा टाकला. मुलानं, राघोनं, कौलांखाली दोन विटा काढून भोक ठेवलं होतं, तेवढं राहू दिलं. बायकोचे लाड. पण धुराला एक वाट बरी.

धूर वर गेला. भोकापाशी घुटमळला आणि खाली उतरू लागला.

हौसाबाईनं सुपानं वारा घातला. धूर खोलीतच फिरला. तिनं मान वर करून पाहिलं. भोक उघडंच होतं, पलीकडचं आभाळ दिसत होतं.

"आत्याबाई, डोकं फुटतंय," मालन म्हणाली. मग एकदम, "पोर दूध ओढत नाही."

हौसाबाईनं पोरीच्या तळव्याला टिचकी मारली. पोर रडली नाही.

मालननं तिला छातीशी धरलं, भिंत चाचपत दार गाठलं. पायानं गोधडी लोटली आणि दार उघडलं.

धूर उठला. हाक ऐकल्यासारखा भोकातून बाहेर पडू लागला. ओटीवर पोर शिंकली. मग रडली.

हौसाबाई आतच उभी. तिनं दार लावलं, धूर थांबला. उघडलं, निघाला. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"भोक तर तेवढंच. उघडतेय खालचं आणि धूर जातोय वरनं. हे कसं?"

"वाऱ्याला आत यायला वाट नाही, तर धूर बाहेर कसा जाईल, आत्याबाई?"

हौसाबाई रिकाम्या बाजेवर टेकली.

"माझ्या वेळी तर भोकही नव्हतं," ती म्हणाली.



बऱ्याच वेळानं हौसाबाई उठली. खिडकीतल्या चिंध्या एकेक करून उपसल्या, दोन्ही फळ्या ढकलल्या. मग ओटीवर येऊन सुनेपुढं उभी राहिली.

"आगाऊ आहेस तू. अशीच राहा."