खडक, बर्फ आणि जावई

“बर्फ?” अश्फाकने तिसऱ्यांदा विचारलं. “साहब, दोहा में बर्फ सिर्फ जूस के गिलास में मिलती है.”

“यहाँ के वास्ते नहीं,” विजय म्हणाले. “कॅनडा भेजना है. जमाई की एटीव्ही है. नीचे पत्थर, ऊपर गहरी बर्फ, दोनों पे चलना मंगता.”

दोह्यातल्या मुऐदर भागातल्या त्या दुकानात वाळूत पळवायच्या एटीव्हींचे, म्हणजे जाड टायरच्या चारचाकी बाइकचे, टायर छतापर्यंत रचलेले होते. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. अश्फाकने घाम पुसला आणि सुचित्राबाईंकडे पाहिलं. निदान त्या तरी शहाणपणाचं काही बोलतील, अशी त्याला आशा होती.

“त्यांना म्हणावं, महाग असले तरी चालतील,” सुचित्राबाई नवऱ्याला म्हणाल्या. “पण माणूस धडधाकट राहिला पाहिजे.”

प्रकरण खरोखरच जिवावरचं होतं. मार्चमध्ये त्यांच्या लेकीने, गार्गीने, कॅनडातल्या कॅलगरीहून फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘गंधारची नवी एटीव्ही!’ व्हिडिओत एटीव्ही एका उभ्या खडकावर चढत होती. वर हेल्मेट घातलेला स्वार ताठ बसला होता. मग चाक घसरलं, गाडीने तीन कोलांट्या खाल्ल्या आणि हँडल न सोडता स्वार गाडीसकट बर्फात डोक्यापर्यंत गाडला गेला.

आणि मागून गार्गीचं खिदळणं ऐकू येत होतं.

“नवरा कोलांट्या खातोय आणि ही दात काढतेय!” सुचित्राबाईंनी त्याच दिवशी फोन लावला होता. “लागलं का गं त्यांना?”

“काही नाही होत, आई. दर संडेला हेच करतो. गाडी उचलतो, बर्फ झटकतो, पुन्हा सुरू. बॅटरी संपेपर्यंत घरात येत नाही.”

“गाडी उचलतात?”

“हो, मग?”

तीनशे किलोची गाडी! विजयना जावयाचा अभिमान वाटला. सुचित्राबाईंची मात्र झोप उडाली. लेक बोलून ऐकणारी नव्हती आणि जावयाला उपदेश करणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. जावयाचा मान राखायचा, कान धरायचा नाही. सुदैवाने अधिक महिना लागला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं, आणि सासूने दिलेलं वाण जावयाला परत करता येत नाही. चांदीचं निरांजन देण्याचा बेत त्यांनी रद्द केला आणि टायर द्यायचे ठरवले.

“साइज?” अश्फाकने विचारलं.

जावयाला साइज विचारली असती तर सरप्राइज फुटलं असतं. पण विजय तीस वर्षं पाइपलाइन इंजिनिअर होते. असल्या गोष्टींवाचून त्यांचं अडत नसे. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. व्हिडिओतलं एक चित्र छापून त्यावर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

“ये मेरा जमाई. लग्नाच्या बायोडेटात उंची पाच फूट अकरा. त्या हिशोबाने टायर निकलता है सव्वीस इंच.” त्यांनी चष्मा सारखा केला. “पण बायोडेटात उंची थोडी वाढवूनच लिहितात. म्हणून पच्चीस.”

“माशाल्ला,” अश्फाक मनापासून म्हणाला.

मग खरी निवड सुरू झाली. खडकासाठी टायरची बाजूची भिंत जाड हवी, नाहीतर धारदार दगड ती फाडतो, असं अश्फाकने सांगितलं. बर्फासाठी रबर नरम हवं, कारण थंडीत कडक रबर पकड सोडतं. नक्षीचे गट्टू उंच आणि एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे मध्ये बर्फ साचत नाही.

“जाडही हवं आणि नरमही,” सुचित्राबाई म्हणाल्या. “आमच्या पुरणपोळीसारखंच झालं.”

दोन तास घासाघीस करून आठ थरांच्या भिंतीचा, नरम रबराचा, इंचभर गट्टूंचा टायर ठरला. सुचित्राबाईंनी त्यात नख रुतवून पाहिलं. विजयनी वाकून थर तपासले. “ह्याच्यावरून नाही पडायचे ते,” असं सुचित्राबाई म्हणाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. लेकीचा संसार त्यांच्या मते त्या चार चाकांवर उभा होता.

“यल्ला, पॅक करो,” विजय म्हणाले.

टायर विमानाने गेले. बारा दिवसांनी संध्याकाळी कॅलगरीहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. दिवाणखान्यात चार टायर उभे होते, त्यांना सुचित्राबाईंनी सांगितल्याप्रमाणे हळदकुंकू लागलं होतं. गंधार त्यांच्याकडे बघत नुसता उभा होता.

“आवडले ना, गंधारराव?” सुचित्राबाईंनी विचारलं. “आता मी तुम्हाला एकच सांगते, सासू म्हणून नाही, आई म्हणून. जपून चालवा. तुम्हाला काही झालं तर आम्ही कुणाकडे बघायचं?”

गंधारने एका टायरवरून हात फिरवला. “आई... असं वाण कुणालाच मिळालं नसेल.”

“साइज बरोबर आहे ना?” विजय पुढे सरसावले. “मी मोजून घेतलेत. गाडी समोर आणा, एक टायर बसवूनच दाखवा.”

गार्गीने ओढणीत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते. गंधारने एकदा तिच्याकडे, एकदा फोनकडे पाहिलं.

“आणतो, बाबा,” तो म्हणाला. मग त्याने टीव्हीशेजारच्या शेल्फवरचा रिमोट बाजूला सारला, मागची एटीव्ही स्वारासकट एका हाताने उचलली आणि अलगद टायरच्या भोकात ठेवली.